दोन्ही डाव्या

मी दोन्ही ताटं एकाच घमेल्यात ओतली, वर पेट्रोल घातलं आणि तारेच्या ब्रशनं सगळं लख्ख घासून काढलं. मदत म्हणून.

रशीदचाचा दुपारच्या नमाजाहून आले आणि घमेल्यात डोकावले.

"हे काय केलंस?"

"धुतलं, चाचा."

"लेका, गडहिंग्लजच्या शाळेत डावा-उजवा शिकवत न्हाईत व्हय?"

चाचांच्या आरडी मोटारसायकलला कार्बोरेटर दोन. डाव्याचं सामान डाव्या ताटात, उजव्याचं उजव्यात, आणि ताटं एकमेकांजवळ आणायची नाहीत, हा गॅरेजचा नियम. पार्ट नुसते पेट्रोलात बुडवून फडक्यानं पुसायचे, ब्रश मारायचा नाही, हा दुसरा. मी दोन्ही एका दमात मोडले. तसा मी शिरोलीच्या फौंड्रीत क्वालिटी विभागात आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. चाचांच्या शाहूपुरीतल्या गॅरेजवरच्या खोलीत भाड्यानं राहतो आणि रविवारी खाली उतरून असा उपयोगी पडतो.

आरडी चाचांची स्वतःची, पंच्याऐंशी सालची. एके काळी कोल्हापुरात आरडी ट्यून करावी तर रशीद मिस्त्रीनंच, असं होतं. मग ते चार वर्षं मस्कतला गेले. गाडी ठेवून गेले बाळासोकडं. तो पलीकडच्या गल्लीतला मिस्त्री. दोघं एकाच उस्तादाकडं शिकलेले. परत आले तर गाडी स्लोला थांबेना. रेस सोडली की भक् करून बंद. चाचांनी वर्षभर खटपट केली. शेवटी बाळासोच म्हणाला, "रशा, तुझा हात गेला मर्दा. मस्कतनं खाल्ला."

चाचांनी ते खरं मानलं. तेव्हापासून ट्यूनिंगचं गिऱ्हाईक आलं की ते बाळासोकडं पाठवायचं आणि आपण ब्रेक, पंक्चर, क्लचची केबल करायची. वीस वर्षं.

यंदा त्यांनी गाडी नटापासून टाकीपर्यंत नवी करायला घेतली. एकदा शेवटचं बघायचं. स्लोला थांबली तर ठीक, नाहीतर विकायची आणि पुन्हा कार्बोरेटरला हात लावायचा नाही.

तर आम्ही पोतं अंथरून घमेलं उपसायला बसलो. जेट आणि सुया दोन्हीकडं सारख्याच, त्यांचं काही बिघडलं नव्हतं. प्रश्न स्लाइडचा. रेस पिळली की केबलीनं वर ओढली जाणारी ही अंगठ्याएवढी डबी. तिच्या कुशीला तिरकी खाच असते. रेस सोडल्यावर स्क्रू त्या खाचेत टेकतो आणि गाडी स्लोला थांबते. डाव्या स्लाइडला खाच डावीकडं, उजवीला उजवीकडं. मी दोन्ही शेजारी शेजारी उभ्या केल्या.

एक बरोबर होती. दुसरीला खाच उजवीकडं होती, पण डावीकडंही खाचेच्याच आकाराचा एक करडा पट्टा दिसत होता.

"चाचा, हिची डावीकडची खाच कुणीतरी कथील ओतून बुजवलीय. माझ्या ब्रशनं वरचं काळं निघालं म्हणून दिसली."

मी कॅलिपर लावला. उजवीकडची खाच अर्धा मिलिमीटर जास्त खोल, तळ खडबडीत. कंपनीची नव्हे, कानशीनं पाडलेली. म्हणजे दोन्ही डाव्याच. एकीला उजवी करून बसवलेलं. स्क्रू तिच्यात नीट टेकतच नव्हता, म्हणून रेस सोडली की गाडी बंद.

चाचा उठले. भंगारातला एक तुकडा शेगड्याच्या जबड्यात आवळला, कानस चालवली आणि तुकडा स्लाइडजवळ धरला. त्यांच्या कानशीचे ओरखडे एका बाजूला झुकलेले, स्लाइडवरचे दुसऱ्या.

"डावऱ्या हाताची कानस हाय ही," ते म्हणाले.

डावरा मिस्त्री आम्हा दोघांच्या ओळखीत एकच होता.

चारला बाळासो रोजच्यासारखा चहाला आला. "काय इंजिनिअर, झाली का म्हातारी नवी?" असं मला टोचून स्टुलावर बसला. जुलेखाचाचींनी चहा आणून दिला. त्यानं कप उचलल्यावर चाचांनी त्याच्या बशीत स्लाइड ठेवली.

"ही कुठली?"

"माझ्या गाडीतली."

"जुनी गाडी. आधीच्या मालकानं काय केलं आसंल..."

"आधीचा मालक न्हाई मर्दा. शोरूममधनं मीच काढली. तू मागं बसलतास."

बाळासोनं कप खाली ठेवला. "गडहिंग्लजच्या विजयसिंहाची उजवी तुटलीती. सामान कुठं मिळत न्हवतं. तू चार वर्सं येणार न्हवतास. तुझी त्याला घातली. म्हटलं, येईपतोर तुझ्या गाडीत भंगारातली डावी घासून चालवू."

"मग आलो की मी."

"तवर सांगायची लाज वाटाय लागली."

"लाज वाटली म्हणून माझा हात गेला म्हणालास?"

आमच्याकडं माणसं कोथिंबिरीच्या भावावरून गल्ली गोळा करतात. चाचा इतके हळू बोलत होते की मीच अंग चोरून बसलो.

"माझी गिऱ्हाईकं तू जेवलास, बाळ्या. आणि तुझ्या पानात वाढली कुणी? मीच."

"उजवी आणून देतो," बाळासो उठत म्हणाला. "विजयसिंहाची गाडी अजून हाय. आईशपथ आणून देतो." चहा तसाच राहिला.

आम्ही दिल्लीहून नवी स्लाइड मागवली. नकली, पण मापात. चाचांनी स्वतः बसवली. तिसऱ्या किकला गाडी लागली आणि रेस सोडल्यावर टक टक करत उभी राहिली. मी टाळ्या वाजवल्या. एकट्याच्या टाळ्या फार वाईट वाजतात. चाचांनी दहा मिनिटं ऐकलं आणि चावी फिरवली.

"हात हुता की," म्हणाले, आणि आत जाऊन बसले.

याला दोन महिने झाले. बाळासो दोनदा गल्लीच्या तोंडाशी दिसला आणि मागं वळला. परवा चाचा कुणाच्या तरी बुलेटचा कार्बोरेटर उघडून बसले होते, तेव्हा मी म्हटलं, "रविवारी घरी गडहिंग्लजला जाणारच आहे. विजयसिंहांकडं विचारून येऊ?"

"नको. त्याचं देणं हाय, त्यो देईल."

"आणि दिलंच तर?"

"तर माफ करावं लागंल. म्हणून तर म्हणतोय, तू मधी पडू नकोस."

रविवारी मी घरी जाऊन आलो. विजयसिंहांच्या दारावरून दोनदा गेलो, विचारलं नाही. उजवी स्लाइड अजून आलेली नाही.