मतासाठी वाढलेली भाजी

आर्णीच्या बाजारात मी मेथीच्या जुड्या उलटसुलट करत होते. नेहमीची भाजीवाली शेवंता हळूच म्हणाली, "बाई, दौलतभाऊ गेले." मी मान वर न करताच विचारलं, "आता कोणत्या पक्षात?" शेवंतानं तराजू खाली ठेवला, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जीभ चावली मी. पण खरं सांगू? भाऊ तिथे असते तर सगळ्यांत आधी तेच पोट धरून हसले असते.

भाऊ आमचे आमदार, आणि मी इथल्या शाळेतली निवृत्त मराठीची बाई. आमचं नातं म्हणजे उभं भांडण. एसटी स्टँड त्यांनी गावाबाहेर, बरोब्बर स्वतःच्या जमिनीशेजारी नेऊन ठेवलं, तेव्हा बायकांचा मोर्चा मी काढला होता. तहसीलसमोर उभी राहून त्यांचा असा उद्धार केला की यंव रे यंव! दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर स्वारी दारात, चहाला. म्हणाले, लय झोडपलं तुमी काल, पण घसा बसला तुमचा, ज्येष्ठमध धरत जा तोंडात. यावर माणसानं चिडायचं तरी कसं? स्टँड मात्र तसूभर हललं नाही. आजही पिशव्या घेतलेल्या म्हाताऱ्या उन्हातान्हात तिथवर तंगडतोड करतात. ते मी विसरलेली नाही आणि विसरणारही नाही.

तेरवीच्या आदल्या दिवशी भाऊंच्या पत्नीनं, सुमनवहिनींनी, मला बोलावून घेतलं. अंगणात माणसांची रीघ, चौकात फ्लेक्स, त्यावर 'विकासपुरुष', 'गोरगरिबांचा देवमाणूस' वगैरे. वहिनी आतल्या खोलीत कोरड्या डोळ्यांनी बसल्या होत्या. म्हणाल्या, "बाई, उद्या शोकसभेत तुमी बोला. हे सारे कोणाबद्दल बोलून राह्यले, मले समजतच नाही. मले रडू बी येत नाही."

हो म्हणून बसले आणि घरी येऊन कपाळाला हात लावला. खोटी स्तुती माझ्या जिभेला झेपत नाही. खरं बोलावं तर नवरा गमावलेल्या बाईसमोर त्याचं उणंदुणं काढायचं? शिवाय मोर्चातल्या माझ्या मैत्रिणी आधीच गुरकावत होत्या, तुले काय अडलं म्हणून. चांगलं काही आठवायला बसले की स्टँडच डोळ्यांपुढे येई... आणि मग, कणीक मळता मळता, लेकीचं लग्न आठवलं.

त्या लग्नाला भाऊंना मी मुद्दाम पत्रिका दिली नव्हती. पण लग्नसराईत हा माणूस तालुक्यातला एक मांडव सोडत नसे, पत्रिका असो वा नसो. आमच्याकडे ऐन जेवणाच्या वेळी वाढपी गायब! त्याच दिवशी दुसरं लग्न धरलं होतं त्यांनी, गेले तिकडे. पंगत बसलेली, पत्रावळी कोरड्या, व्याही आभाळाकडे बघताहेत, आणि मी शालू सावरत नुसतीच इकडून तिकडे. तेवढ्यात भाऊ आले. एका नजरेत सगळं ताडलं, पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या सारल्या आणि वांग्याच्या भाजीची बादली उचलली. मागून त्यांचे कार्यकर्ते वरण, पोळ्या, बुंदी घेऊन धावले. भाऊंचं वाढणंही त्यांचं स्वतःचं होतं. म्हाताऱ्यांपुढे उकिडवे बसायचे, नाव घेऊन विचारायचे. माझ्या सासूबाईंना दात नव्हते, तर त्यांच्या द्रोणात नुसता रस्सा आणि पोळीचा चुरा. नको नको म्हणणाऱ्या पोरींना चमचाभर, लाजणाऱ्या बाप्यांना दोन पळ्या. सदरा तेलाच्या डागांनी माखला, पण शेवटची पंगत उठेपर्यंत गडी हटला नाही.

आभार मानावेत की नाही? पण माझा स्वभाव! मी म्हटलं, "भाऊ, हे सगळं मतांसाठी चाललंय ना?"

उपरण्यानं घाम पुसत ते म्हणाले, "मतासाठीच हाय, बाई. पण भाजी तं खरी हाय ना?"

मी एक पत्रावळ मांडली आणि उरलेली भाजी त्यांनाच वाढली.

शोकसभेत माझ्या आधीच्या वक्त्यानं भाऊंना 'अजातशत्रू' करून टाकलं. अहो, मी समोरच बसले होते! उठले ती तशीच तणतणत. सुरुवातच स्टँडपासून केली. तो अन्याय होता, आजही आहे, असं बजावलं. एक कार्यकर्ता खुर्चीतून अर्धा उठला, शेजारच्यानं त्याला खाली ओढलं. मग लग्नाची गोष्ट सांगितली, जशी घडली तशी, मतांच्या प्रश्नासकट, भाऊंच्या उत्तरासकट. शेवटी मी म्हणाले, "मी त्यांना कधी मत दिलं नाही. पण माझ्या मांडवातून एकही माणूस उपाशी उठला नाही, ते या माणसामुळे. एवढं खरं आहे, आणि एवढं मला पुरे आहे."

तोच बायकांच्या बाजूनं खुदकन आवाज आला. सुमनवहिनी! तोंडावर पदर धरून हसत होत्या, खांदे गदगदा हलत होते. त्यांचं पाहून सगळं सभागृह हसलं. शोकसभेत असं हसू मी जन्मात ऐकलं नव्हतं, आणि मला फार, फार बरं वाटलं. हसता हसता वहिनींचा पदर तोंडावरून डोळ्यांवर कधी गेला, ते कळलंच नाही. मी खाली उतरून त्यांच्याजवळ बसले. माझा हात घट्ट धरून त्या लहान मुलीसारख्या हमसून हमसून रडत राहिल्या, आणि मधूनच म्हणाल्या,

"हेच होते माह्या घरचे, बाई... हेच होते."