ओल्या पानांची दुपार

परवा माळा आवरताना एक लाकडी पेटी उघडली आणि तंबाखूचा गोडसर, कुबट वास आला. इतक्या वर्षांनीही छातीत धस्स झालं.

चेन्नईत पहिली नोकरी लागली तेव्हा मी अड्यारला राजारामरावांच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहायचो. ते तंजावरकडचे मराठी, निवृत्त शिक्षक. घरी चिरूट वळायचा त्यांना भारी नाद. आत दिंडीगलच्या तंबाखूचं कडक पान, त्यात गुळाच्या पाण्यात मुरवलेलं मवाळ पान, आणि वरून गुंडाळायला एक मऊ, न फाटलेलं पान.

एका रविवारी दुपारी मीही त्यांच्यासोबत भिजवलेल्या पानांच्या मधल्या शिरा काढायला बसलो. तंबाखूचं पाणी घामात मिसळून कोपरापर्यंत ओघळत होतं. हळूहळू मळमळून तोंडात लाळ दाटली, हात गार पडले, छाती धडधडू लागली. एकही चिरूट ओढलेला नव्हता. घरापासून इतक्या लांब आपण मरणार, असंच वाटलं.

राजारामरावांनी माझे हात धुतले, ताक पाजलं.

"भिऊ नको रे," ते शांतपणे म्हणाले. "मला हे रोज होतंय. वय झालं समजत होतो. तुलाही होतंय, म्हणजे उकाडाच."

ते ऐकून माझा जीव भांड्यात पडला.

ओल्या पानांतलं विष कातडीतून अंगात भिनतं, हे मला फार उशिरा कळलं. तोवर त्यांची ही तंबाखूची पेटी माझ्याकडे आली होती. ते गेल्यावर त्यांच्या मुलाने पाठवली होती, वडिलांची आठवण म्हणून.