आधी जंगल, मग समुद्र

माझी धाकटी जाऊ आणि मी चार वर्षं एकमेकींशी बोललो नव्हतो. डहाणूत आमची दोन घरं एकाच वाडीत, मध्ये चिकूची दहा-बारा झाडं आणि एक विहीर. तिच्या कुकरच्या शिट्ट्या मला माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येतात. तरी बोलणं नाही. भावाभावांचं आठ दिवसांत मिटलं होतं, ते दोघे पूर्वीसारखे ओट्यावर बसून चिकूच्या भावावर कुरकुरत बसायचे. अडकलो होतो आम्ही बायका.

कारण मी होते, हे आधीच सांगून टाकते. वाटणीच्या वेळी मोजणीवाले आले होते. विहिरीकडची बाजू कोणाची, यावरून बोलाचाली चालली होती. धाकटी सगळ्यांसाठी चहा घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, ती बाजू आम्हाला मिळाली तर बरं होईल. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "तुला कशाला हवी? तुझ्यामागे खाणारं कोण आहे?"

तिला मूल नाही. माझी मुलगी लहानपणी तिच्याच कुशीत झोपायची, तापात "काकू" म्हणून हाका मारायची. जिभेला हाड नसतं म्हणतात, ते खरंच. तिनं ट्रे खाली ठेवला आणि ती आत गेली. चहा कोणी प्यायला नाही.

ती मुलगी आता पुण्यात नोकरी करते. गेल्या वर्षी तिनं फोनवर आम्हाला चक्क हुकूमच सोडला. आफ्रिकेची सहल ठरवली आहे, सहा दिवस टांझानियाचं जंगल आणि नंतर चार दिवस झांझिबारचं बेट. आई, बाबा, काका, काकू. "चौघं जाणार असाल तर जा, नाहीतर सगळं रद्द करते." आमच्या फाटकातून निघालं की सुरूच्या झाडांखालून पाच मिनिटांत समुद्र. त्यामुळे आमचे हे म्हणाले, "समुद्र बघायला आफ्रिकेत? काखेत कळसा आणि गावाला वळसा!" दुसऱ्याच दिवशी दुर्बीण घेऊन आले, ती गोष्ट वेगळी.

मी नाही म्हणणार होते. मग विचार केला, दहा दिवस ती माझ्यापासून पळून कुठे जाणार? मला माफी मागायची होती. चार वर्षं रोज मागायची होती आणि रोज काहीतरी आडवं यायचं. कधी पाहुणे, कधी कामवाली, बहुतेक वेळा माझाच ताठा. निघण्याआधी आम्ही चौघं विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या दर्शनाला गेलो. देवीला एवढंच म्हटलं, तोंड उघडायची बुद्धी दे.

न बोलण्याचा तोटा मुंबईच्या विमानतळावर कळला. जंगलातून बेटावर जाणारं विमान छोटं, माणशी पंधराच किलो सामान आणि तेही मऊ पिशवीत, असं आधीच बजावलेलं होतं. म्हणून सगळं पुन्हा एकदा काट्यावर ठेवलं, तर पिशव्यांतून काय निघावं? दोघींकडे मेथीचे ठेपले, दोघींकडे चिकूच्या चकत्या, दोघींकडे मेतकूट आणि लिंबाचं लोणचं. चौघांना महिनाभर पुरेल एवढं. दीर म्हणाले, "एकमेकींना विचारलं असतं तर?"

जंगलात जीपला दोन्ही बाजूंना खिडक्या. एका बाजूला ती, एका बाजूला मी. सिंहीण बघितली, पिल्लं बघितली, नदीत पाणघोडे लोळताना बघितले. हत्तींचा कळप अगदी जवळून गेला तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "अहो, तिला सांगा, इकडे हत्ती आहेत." आमचे हे वैतागले. "अगं, हत्ती आहे तो! तिला दिसतोय!"

तिसऱ्या दिवशी दुपारी धाकटीला घाईची लागली. तिनं दिरांच्या कानात सांगितलं, दिरांनी ड्रायव्हरला सांगितलं. तंबू लांब होते. ड्रायव्हर भला माणूस, त्यानं उघड्या माळावर गाडी थांबवली, चारी बाजूंना नजर टाकली आणि म्हणाला, गाडीच्या मागे, लांब जायचं नाही. झाड नाही, झुडूप नाही. अशा वेळी आडोसा धरायला दुसरी बाईच लागते, आणि तिथे बाई मी एकटी. मी काही न बोलता उतरले, ओढणी दोन्ही हातांनी ताणून धरली आणि तोंड फिरवून उभी राहिले.

ती बसते न बसते तोच बाजूच्या वारुळाच्या भोकातून एक रानडुक्कर सुसाट बाहेर आलं. शेपटी उभी करून आमच्या समोरून गेलं. "ताई! हलू नका!" ती ओरडली आणि तिनं माझं मनगट पकडलं. मी कसली हलतेय, माझे पाय मातीत रुतल्यासारखे झाले होते. पलीकडून आमचे हे विचारतायत, "काय झालं? काय झालं?" आणि दोघी एकदम ओरडलो, "इकडे येऊ नका!" मग जे हसू सुटलं, ते पोट दुखेपर्यंत. पदरानं डोळे पुसत ती गाडीत चढली.

मला वाटलं, सुटलं. पण गाडी सुरू झाली आणि ती पुन्हा तिच्या खिडकीकडे वळली, मी माझ्या. डुकराला घाबरून हाक मारणं वेगळं आणि झालेलं विसरणं वेगळं. माझं काम कोणतंही जनावर करणार नव्हतं.

झांझिबारला ओहोटीला समुद्र आपल्यासारखाच लांब जातो, फक्त वाळू पांढरी आणि पाणी काचेसारखं. पाण्यातल्या काटेरी जीवांचे काटे पायात भरतात म्हणून हॉटेलवाल्यांनी रबरी बूट दिले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच आत चालत निघालेली दिसली. गुडघाभर पाण्यात तिथल्या बायका दोऱ्यांना समुद्री शेवाळ बांधत होत्या, ते बघत होती. मी तिच्यामागून गेले. जवळ पोचले आणि ती वळायच्या आत बोलून टाकलं, "मोजणीच्या दिवशी मी जे बोलले, ते मला बोलायला नको होतं. माझं चुकलं. मला माफ कर."

ती पाण्याकडे बघतच म्हणाली, "चार वर्षं लागली होय, ताई?"

"तू बोलत नव्हतीस."

"मी?" ती आता रागानं माझ्याकडे वळली. "पहिल्या गणपतीला मी आले होते. तुम्ही मोदकाच्या पातेल्यातून मान वर केली नाहीत. विहिरीवर मला बघून तुम्ही हंडा अर्धा भरून निघून जायचात. मला वाटलं, बोलल्या त्या आणि राग पण त्यांनाच."

"राग नव्हता गं," मी म्हटलं. "लाज वाटायची."

हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं, आमच्या ह्यांनाही नाही. मी रडायला लागले. ती रडली नाही. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "माफ केलं. पण विसरणार नाही हं मी ते. तुम्ही पण विसरू नका."

विसरले म्हणाली असती तर मला खरं वाटलं नसतं. हे खरं वाटलं, आणि छातीवरचं ओझं एकदम उतरलं. परत येताना पाणी चढायला लागलं होतं. ठेपल्यांत ओवा घालायचा की नाही यावर आमचा वाद झाला. किनाऱ्यावर खुर्च्या टाकून बसलेले दोघे भाऊ बघतच राहिले.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. फोन आमच्या दोघींच्या मध्ये टेबलावर होता, धाकटीनं स्पीकरवर घेतला. मुलगी नेहमीसारखी घाईत होती. "हॅलो, कोण, आई की काकू?"

"दोघी आहोत," मी म्हटलं.

पलीकडे पोरगी हुंदके द्यायला लागली. मी तोंड उघडायच्या आत धाकटी फोनवर वाकून म्हणाली, "रडू नकोस गं बाळा. आम्ही दोघी गप्पा मारत जेवलो."