साहेबांसाठी पाहिलेली मुलगी

बी.ए.च्या पोरांना मी इंग्लंडचा इतिहास शिकवायचो. ट्यूडर घराण्यातला सहा लग्नं करणारा राजा आणि त्याचा मुख्य मंत्री. लोहाराचा पोरगा, अकलेच्या जोरावर वर चढला. राजाला बायको सोडायची होती, यानं कायदाच बदलून दिला. राजाला पैसा हवा होता, यानं मठ रिकामे केले. मग राजासाठी नवी राणीही त्यानंच शोधली. ती राजाला आवडली नाही आणि मंत्र्याचं मुंडकं उडालं. पोरं हसायची. मीही हसायचो. हसा लेको!

तोवर मी, उमरेडच्या विणकराचा पोरगा, आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचा उजवा हात झालो होतो. कोणाची बदली, कोणाची बढती, कोणत्या पुढाऱ्याला कधी जेवायला बोलवायचं, सगळं मीच निस्तरायचो. शिव्या मला, हार साहेबांना. बदल्यात एक शब्द मिळाला होता: प्राचार्यपद तुझंच. प्रभारी म्हणून खुर्ची झिजवतच होतो, फक्त कायम व्हायचं बाकी होतं. त्या एका शब्दावर मी गाढवासारखा राबलो.

साहेब विधुर. दुसरं लग्न करायचं मनात आलं, पण मुली पाहत फिरणं त्यांना कमीपणाचं वाटे. "या वयात मी पोहे खात फिरू काय गा? लोकं हसतील. तूच पाहून ये."

बाई खाप्याच्या, शाळेत शिक्षिका. त्या ट्रे घेऊन बाहेर आल्या आणि माझी मान आपोआप खाली गेली. साहेबांची होणारी बायको म्हणजे आमची वहिनी! वहिनीच्या तोंडाकडे टक लावून पाहतात का कोणी? आमच्या घरी तरी नाही. मी पोहे पाहिले, घरदार पाहिलं, माणसं पाहिली आणि येऊन सांगितलं, "एक नंबर, साहेब." सोबत फोटो दिला. त्यात स्टुडिओवाल्यानं बाईंचं अर्धं वय धुऊन काढलं होतं.

साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख निघाली आणि साहेबांना हुरूप आला. कोणाला न सांगता, साधा शर्ट घालून, स्वतः गाडी चालवत ते बाईंच्या शाळेपुढे जाऊन उभे राहिले. शाळा सुटत होती. फोटोतल्यापेक्षा दुप्पट वयाच्या दिसणाऱ्या बाई फाटकातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "काका, गाडी बाजूले घ्या ना जी, पोरं निघून राहिली."

काका! झालं, खेळ खतम. तो राजाही असाच वेष बदलून त्या नव्या राणीला पाहायला गेला होता, आणि तिनं त्याला ओळखलं नव्हतं. हे मी दरवर्षी फळ्यापुढे उभा राहून रंगवून सांगायचो. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

साहेबांनी मला समोर उभं केलं. "तुले काहीच कसं नाही दिसलं?"

"मी मान वर केली नाही, साहेब."

"मग गेला काहून होता तू?"

साक्षगंध मोडलं. बाईंचं काही बिघडलं नाही, त्या मजेत आहेत. प्राचार्यपद माझ्याच हाताखालच्याला मिळालं आणि मला कन्हानच्या शाखेत टाकलं. ज्यांना ज्यांना मी तिथं पाठवलं होतं, ते सगळे स्वागताला हजर होते. अजून कोणी मला चहा विचारत नाही.

मंत्री मेल्यावर राजा हळहळला म्हणतात, असा इमानी माणूस पुन्हा मिळाला नाही म्हणून. परवा साहेबांचा फोन आला. "ये ना गा परत. तुझ्यावाचून इथं काही हालून नाही राहिलं." प्राचार्यपदाचं नाव नाही, माफीचं तर सोडाच. असा संताप आला की फोन भिंतीवर आपटावा. आणि तोंडातून निघालं, "आलोच, साहेब."

बायको दारात येऊन उभी राहिली. "काहून जाऊन राहिले तुम्ही तिथं?"

"बोलावलं ना वं त्याईनं."

"तुमच्या त्या मंत्र्याचं बरं होतं," ती म्हणाली. "मुंडकं उडाल्यावर त्याले परत तरी जाता नाही आलं."

मी बूट घालत राहिलो.