अण्णांनी पाडलेलं विमान

आधीच सांगून टाकतो, विमान पाडलं ते अण्णांनी. आमच्या क्लासच्या किश्श्यांचं असंच आहे. एक ओढला की मागून चार येतात, आणि बहुतेकांत अण्णा असतातच.

परभणीत खताच्या दुकानाच्या माडीवर आमचा कॉम्प्युटर क्लास. संस्थेचे अध्यक्ष अण्णा, राणीसावरगावचे मोठे जमीनदार. कॉम्प्युटरला कधी बोट न लावलेले. शिकवायला गिरी सर, बंगळुरूकडं विमानांचे प्रोग्राम लिहून रिटायर झालेले. मी इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडून तिथं आलो. कॉलेजात प्राध्यापक पिवळ्या पडलेल्या वहीतून वाचून दाखवायचे. "सर, वहीच द्या, आमी घरी वाचतो," असं मी तोंडावर म्हणालो. तिथून पुढं कॉलेजही सुखी, मीही सुखी.

*

सरांचा पहिला नियम : विमानाच्या प्रोग्रामला लागेल तेवढी मेमरी उडायच्या आधीच घ्यायची. "वर गेल्यावर एक बाइटही मागायची नाही. मशीन 'संपली' म्हणाली तर काय कराल?"

माझ्या शेजारचा सलीम म्हणाला, "गंगाखेडच्या नॉनस्टॉपसारखं हाय सर. सीटा स्टँडवरच भरायच्या. रस्त्यात कुणी कितीबी हात दाखवू दे."

सरांनी खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "तीस वर्षं मी हेच इंग्रजीत सांगत होतो."

*

दुसरा नियम : घेतलेली मेमरी काम झालं की परत करायची, नाहीतर चांगली मशीनही हळूहळू गुदमरते. नेमके अण्णा दारात उभे राहून ऐकत होते.

"कोण हाय असा, घेऊन परत न करणारा?" अण्णांनी दरडावून विचारलं.

त्यांच्या पोरीच्या लग्नाला क्लासच्या बारा खुर्च्या गेल्या होत्या, आणि आम्ही सगळे सतरंजीवर बसून त्यांच्याकडं बघायलो होतो.

*

विमानाच्या कॉम्प्युटरात एक राखणदार असतो. प्रोग्रामनं ठरल्या वेळात "मी जागा आहे" असं कळवलं नाही, की तो प्रोग्राम पहिल्यापासून सुरू करतो. हे शिकवता शिकवता, दुपारच्या जेवणानंतर, सरांनाच फळ्याशी डुलकी लागली. सलीमनं मिनिटभर वाट पाहिली आणि डस्टर टेबलावर आपटलं.

सर दचकून जागे झाले आणि हजेरीपासून सुरुवात केली.

*

मग बंगळुरूहून सरांच्या ओळखीचे एक साहेब आले. नोकरीला एकच पोरगा घेऊन जाणार होते. डिग्री विचारणार नव्हते, फक्त प्रोग्राम बघणार होते. माझ्यासाठी तो एकच दरवाजा उघडा होता.

पडद्यावर ठरवलेल्या उंचीवर विमान उडत ठेवायचं, एवढंच काम. सुरुवातीला पायलटचं नाव टाकायचं. मी नावाला वीस अक्षरांची जागा ठेवली होती, आणि तिला लागून, विमानानं किती उंचीवर उडायचं तो आकडा.

"नाव मोठं आलं तर?" सरांनी आदल्या दिवशी विचारलं होतं.

"वीस अक्षरांपेक्षा मोठं नाव माणसाला लागतं कशाला?" मी म्हणालो.

आधी सलीमची पाळी. अण्णा म्हणाले, पायलट म्हणून माझं नाव टाक. सलीमच्या प्रोग्रामनं वीस अक्षरं घेतली, बाकीची सोडून दिली. विमान छान उडत राहिलं, पण अण्णांचा चेहरा उतरला. "माझं नाव कापलं तुनं?"

माझ्या मशीनपाशी त्यांनी स्वतः सांगायला घेतलं, मी टाइप करत गेलो. शिक्षणमहर्षी, सहकारभूषण, माजी सभापती, मग नाव, वडलांचं नाव, आडनाव, पाटील, राहणार राणीसावरगाव. पडद्यावर सगळं आलं. अण्णा खूश.

विमान निघालं ते सरळ वर. ठरलेली उंची मागं पडली, तरी थांबेना. विसाच्या पुढची अक्षरं शेजारच्या उंचीच्या आकड्यावर जाऊन बसली होती.

"बघा साहेब, कसं चढायलंय!" अण्णांनी टाळी वाजवली.

सरांनी डोळे मिटून घेतले. विमान शेपटीवर उभं राहिलं, क्षणभर तसंच थांबलं, आणि दगडासारखं खाली आलं.

अण्णा पडद्याजवळ वाकले. "आत पायलट कोण होता?"

"तुमीच, अण्णा," सलीम म्हणाला.

साहेब सलीमला घेऊन गेले. माझी नोकरी हुकली.