राउटरला केलेला डबा

मधली भिंत चांगली जाड होती, पण वह्या बांधणाऱ्या बाइंडरांच्या बायकोचा आवाज तिला पुरून उरायचा. भांडण झालं तेव्हा शेजारच्या वहिनींना कान लावावाही लागला नाही.

"पोरीला ऐकू येत नाही म्हणून तिची वही करणार का? पुठ्ठा घातला, कापड चढवलं, ठेवली कपाटात!"

"परक्या गावी कोणाला कळणार तिचं बोलणं?"

"इथे कितीजणांना कळतं? तुम्हाला आणि मला. आपण गेल्यावर काय भिंतीशी बोलेल?"

"मी पाठवणार नाही, सांगून ठेवतो."

"मी पाठवणार. मीही सांगून ठेवते."

भर दुपारी अख्ख्या मजल्याने ऐकलं. जिच्यावरून चाललं होतं ती आठ वर्षांची लेक तेवढी शांत झोपली होती.

बायको जिंकली. लेक बहिऱ्या मुलांच्या निवासी शाळेत गेली आणि पहिल्या सुट्टीत घरी आली, तर बाइंडरांनी अबोला धरलेला. आता जी हातांनी बोलते तिच्याशी अबोला धरायचा म्हणजे माणसाला हातच लपवावे लागतात. पंधरा दिवस बाइंडर खिशात हात घालून हिंडले. बायकोने टोकलं की म्हणायचे, थंडी आहे. जेवायला काढायचे तेवढेच. पोर रोज खिशांकडे बघायची.

ती शिकली. दूरच्या शहरात नकाशे काढायच्या कचेरीत लागली. मग बायको गेली, आणि दोन खोल्यांत उरले बाइंडर, वह्या दाबायचा लोखंडी प्रेस आणि कव्हरं. त्या घरात उघडं असं काही नव्हतंच. चष्म्याला डबा, डब्याला पिशवी, रिमोटला खोळ. वहिनी म्हणायच्या, "बाइंडर, एक दिवस उन्हालाही पुठ्ठा लावाल."

"धूळ, वहिनी, धूळ. तुम्हाला दिसत नाही, मला दिसते."

लेकीने लॅपटॉप पाठवला, वायफाय घ्यायला लावलं. फोनवर तिच्याशी बोलायची सोय नाही. साध्या बटणांच्या फोनवर फार तर दोन ओळी लिहायच्या. खरं बोलणं पडद्यावर, रविवारी अकराला. बाइंडर दहालाच इस्त्रीचा शर्ट घालून, बाह्या दुमडून बसायचे, हात नीट दिसावेत म्हणून. वीस मिनिटं बोलणं व्हायचं. मग पडदा काळा व्हायचा, आणि बाकी आठवडाभर ते हात मुके.

एका रविवारी लेकीने खुणांनी सांगितलं, यंदा सुट्टीत येणं जमत नाही. बाइंडरांनी 'चालेल' म्हटलं. दोनदा म्हटलं. आणि दुसऱ्या दिवसापासून जीव रमवायला त्यांनी राउटरला डबा करायला घेतला. तीन दिवस खपले. जाड पुठ्ठा, वरून तांबडं कापड, दमट हवा लागू नये म्हणून आतून चंदेरी कागदाचे दोन थर. वायरीपुरतं भोक ठेवलं आणि डबा बाहेरच्या खोलीतल्या फळीला कायमचा चिकटवून टाकला. बघत राहावं असं काम झालं होतं. बघायला कोणी नव्हतं, एवढंच.

पुढच्या रविवारी लॅपटॉप जोडेना.

बंद करून चालू केला. पासवर्ड एका बांधीव वहीत लिहिलेला होता, तो तीनदा घातला. मग लॅपटॉप कडेवर घेऊन, रडक्या पोराला फिरवावं तसं घरभर फिरले. फळीपाशी सिग्नलची एक बारीक रेघ दिसली, टेबलापाशी तीही गेली. वहिनी आल्या.

"सगळं बंद करून दहा आकडे मोजायचे म्हणे."

बाइंडरांनी शंभर मोजले. तोवर बारा वाजून गेले होते.

सोमवारी फोनवर लेकीच्या दोन ओळी आल्या. 'बाबा, रागावलात? हात खिशात घातलेत का?'

बाइंडरांनी एका बोटाने लिहिलं, 'नाही. मशीन बिघडलं.'

उत्तर आलं, 'तेव्हाही थंडीच होती ना.'

त्या आठवड्यात बाइंडरांनी एकही वही बांधली नाही. लिहून पटणारं नव्हतं. हात दिसायलाच हवे होते.

रविवारी दहाला त्यांनी इंटरनेटवाल्यांच्या मदतकेंद्राला फोन लावला. उशिरा का होईना, एक बाई बोलल्या.

"काका, राउटरवर दिवे लागलेत का?"

"असतील."

"असतील म्हणजे? बघा ना."

"दिसत नाहीत. डब्यात आहे तो."

"कसल्या डब्यात?"

"मी केलाय. आतून चंदेरी कागद, दोन थर. दमटपणाचं नावच नको."

 बाई हळूच म्हणाल्या, "काका, त्याच्या लहरी बाहेर यायच्या असतात हो. तो कागद त्यांना आतच अडवतोय. डबा काढा."

"निघत नाही. माझं चिकटवलेलं निघत नाही."

"मग कापा."

पन्नास वर्षांत स्वतःच्या बांधणीला त्यांनी सुरी लावली नव्हती. अकराला दहा मिनिटं कमी होती. स्टूल धरायला वहिनींना हाक मारली. कापडावरून सुरी नुसतीच फिरत राहिली तेव्हा वहिनी खालून म्हणाल्या, "कापताय की दाढी करताय? पोर थांबलीय तिकडे!"

तेव्हा सुरी आत गेली. पुठ्ठा दुभंगला, आणि आतले हिरवे दिवे, इतके दिवस कोणी न पाहिलेले, लुकलुकत होते.

अकराला लेक पडद्यावर आली. हाताची घडी घालून बसली होती. बाइंडरांनी दोन्ही हात वर केले, तळवे पुढे, बोटांना पुठ्ठ्याचा भुसा लागलेला. मग कापलेला डबा उचलून दाखवला, चंदेरी बाजू पुढे करून. ती क्षणभर बघत राहिली आणि हसली. तिचं हसणं तिला ऐकू येत नाही, पण ते भिंतीपलीकडे, घरी परतलेल्या वहिनींनाही ऐकू गेलं. मग तिने तळहाताने मूठ झाकली. ही खूण कुठल्या शाळेतली नव्हे. तिने लहानपणी स्वतःच काढलेली. तिचा अर्थ, बाबा.

यंदा ती आली नाहीच. राउटर मात्र उघडा राहिला. बाइंडर रविवारी सकाळी त्याच्यावरची धूळ पुसायचे आणि 'धूळ, धूळ' असं पुटपुटायचे.

दर महिन्याला ते लेकीसाठी एक कोरी वही बांधून टपालाने पाठवायचे. बाइंडर गेले त्याआधी शेवटची वही पाठवली तो सोमवार होता. खिडकीतल्या कारकुनाला नेहमीसारखं म्हणाले, "नीट बंद आहे का बघा हं." तो नेहमीसारखा म्हणाला, "तुमचं कधी उघडलंय?" येताना वहिनींची दुधाची पिशवी घेतली, दाराच्या कडीला अडकवली, दोनदा टकटक केली आणि दार उघडायच्या आत आपल्या घरात गेले.