स्लॅबची खोली

वस्तीत तिला सगळे टाकेवाली म्हणायचे. फाटलेलं काहीही आणा, ती असे टाके घालायची की कुठे फाटलं होतं ते शोधावं लागे. नवरा गवंडी. धडधाकट होता तेव्हा सुट्टीच्या दिवशी खपून त्याने घराची पुढची खोली स्वतः बांधली आणि वर स्लॅब टाकला. बाकी सगळ्या वस्तीवर पत्रे. स्लॅबची खोली ही एकच. पुढे दुसऱ्याच्या इमारतीवर काम करताना तो परांचीवरून पडला, कमरेखालचं अंग गेलं, आणि सहा वर्षं त्याच खोलीत खिडकीशी खाटेवर होता. जीभ मात्र शाबूत होती. "अगं, हळू चालव मशीन," म्हणायचा, "गिऱ्हाईक पळून जात असेल तर मी धरतो पळत जाऊन."

सरकारचं नवं धोरण आलं: प्रत्येक वस्तीत ब्रॉडबँड. बातमी आणली दिराने. तो वस्तीच्या कचेरीत कारकून होता.

"वहिनी, यंत्र ठेवायला पक्क्या छताची खोली लागते. आपण नाही दिली तर यंत्र पलीकडच्या वस्तीला जाईल. मग आपली पोरं बसतील टेकाडावर रेंज शोधत."

"आणि ह्यांना कुठे ठेवू, भाऊजी?"

"मागच्या पत्र्याच्या खोलीत. दोनच महिने हो. कचेरीची इमारत झाली की यंत्र तिकडे. आणि यंत्रावर माणूस लागतोच. ती नोकरी तुमचीच. मी आहे ना!"

नवरा म्हणाला, "दे गं. धाकटा आहे माझा. खांद्यावर खेळवलाय त्याला."

तिने सही केली. कागदावर दोन महिने नव्हते, दहा वर्षं होती. पण तो कचेरीच्या भाषेतला कागद समजावून सांगणाराही दीरच होता.

खाट मागे गेली. पुढे कपाटाएवढं यंत्र आलं, बॅटऱ्या आल्या, यंत्र तापू नये म्हणून एसी आला. आणि खरं सांगायचं तर इंटरनेट झकास चाललं. लोकांचे दाखले, अर्ज, परीक्षेचे निकाल सगळं त्या खोलीतून निघू लागलं. फक्त खुर्चीवर टाकेवाली नव्हती. दिराची बायको होती.

"ऑपरेटर दहावी पास पाहिजे, वहिनी," दीर म्हणाला. "तुम्ही सातवी. नियम वरून आलेत, माझ्या हातात काय आहे?"

जाऊबाईंनी पहिल्याच आठवड्यात शिलाई मशीन ओट्यावरून हलवायला लावलं. कपड्याचा भुगा यंत्राच्या जाळीत जातो म्हणे.

उन्हाळा लागला. पत्र्याखाली दुपारी भिंतीला हात टेकवत नसे. तिने खाटेवर ओली चादर टांगली. तासाभरात ती कडकडीत वाळायची. नवऱ्याच्या पाठीला फोड आले. तो थट्टा करेनासा झाला, तेव्हा ती घाबरली आणि पुढच्या दारात जाऊन उभी राहिली.

"दुपारचे दोन तास यांना कोपऱ्यात टेकू दे गं. तुझ्या कामात येणार नाहीत."

"ताई, दार लावा आधी, गार हवा जाते." जावेने पडद्यावरची नजर काढली नाही. "आजारी माणूस म्हणजे वास येतो, लोक येतात इथे. यंत्र बंद पडलं तर जबाब कोण देणार, तुम्ही?"

तपासणीला साहेब आले. भिंतीवरचं तापमान पाहून खूश झाले. तेवीस. टाकेवालीने त्यांना गाठलं.

"बाई, त्या खोलीत माणसं ठेवायची परवानगी नाही."

"मग ती बसते ती?"

"त्या ऑपरेटर आहेत." मग जरा नरमाईने म्हणाले, "तुम्ही तक्रार नोंदवा ना. सगळं ऑनलाइन आहे आता."

तक्रार नोंदवायची जागा वस्तीत एकच होती. जावेने ती तिच्यासमोरच टाईप केली, गोड हसून. चार दिवसांनी उत्तराचा कागद छापून हातात दिला: अर्जदाराचे समाधान झाल्याने तक्रार बंद करण्यात येत आहे.

"झालं का समाधान?" नवऱ्याने विचारलं. तो शेवटचा विनोद. आठवड्याने सकाळी ती पाणी घेऊन आली, तर त्याने तोंड उघडलं नाही.

मुलगी सासरहून यायला संध्याकाळ होणार होती. दीर धावत आला, भावाला पाहून हमसून रडला. ते रडणं खोटं नव्हतं. मग डोळे पुसून त्याने पत्र्याकडे पाहिलं.

"इथे नाही टिकायचं शरीर. लोक येतील, वस्तीचे प्रमुख येतील. काय म्हणतील? चला, दादाला पुढे घ्या."

चार माणसांनी गवंड्याला त्याच्या खोलीत नेलं. जावेने स्वतः एसी आणखी गार केला. वास येतो असं कुणी म्हणालं नाही. टाकेवाली घामाने भिजलेली आत शिरली आणि कुडकुडायला लागली. दुपारभर ती त्याच्या उशाशी बसली. एकदा तिने त्याच्या पायावरचं पांघरूण नीट केलं. येणाऱ्यांतले दोघं-तिघं हात जोडून झाल्यावर हळूच जावेला विचारत, "ते माझं अर्जाचं काम आज होईल का?"

"उद्या या," जाऊ म्हणाली. "आज घरात दुःख आहे."

दुसऱ्या दिवशी फिनेलने फरशी पुसून खोली उघडली. मृत्यूच्या दाखल्यासाठी टाकेवालीला तिथेच जावं लागलं.

"ठिकाण?" जावेने विचारलं.

"मागे. पत्र्याखाली. तसंच लिही."

"तसा रकाना नाही, ताई. राहतं घर लिहिते." दाखला सरकन बाहेर आला. तो तिच्या हातात ठेवता ठेवता जाऊ म्हणाली, "आणि हो, यंत्राला एक जाड कव्हर शिवून द्याल? धूळ फार बसते."

टाकेवाली तिच्याकडे बघत राहिली. मागे बरेच लोक रांगेत होते, कुणीतरी म्हणालं, "बाई, झालं असेल तर सरका." तिने दाखल्याची घडी घातली, ब्लाऊजमध्ये ठेवली, आणि गळ्यातली टेप काढून यंत्राची उंची मोजायला वाकली.